पत्र्याखालचं नाशिक

सोम. ३० मार्च १९९८. उपास.
मनीचं पत्र आलं. सातवा लागला. तब्येत बरी, पाय जरा सुजतात. शेवटी कडेला तिरक्या अक्षरात एक ओळ घुसवलीय : "आई, सासूबाई म्हणतात बाळंतपण इथेच नाशिकला करू. वैशाख-जेठात सुरतेला पत्र्याखाली नको."
दोनदा वाचली. राग आला, पण भांडायला तोंड नाही. आमच्या वरच्या खोलीत दुपारी खोबरेलाची बाटली हातात धरवत नाही. पण पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही? माझी आई असती तर मला काय म्हणाली असती.
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "खरंच आहे त्यांचं." आणि डबा घेऊन पांडेसऱ्याला ड्यूटीवर गेले. रंगखात्यात दिवसभर वाफेत उभा राहणारा माणूस, त्याला घर गारच वाटणार.
देवापुढे बसले तेव्हाच ठरलं. मनी नाशिक सोडून येत नसेल तर नाशिक इथे आणायचं. पत्र्याखाली.

बुध. १ एप्रिल
उधन्याच्या मेन रोडवर शोरूम आहे, आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. काय गारवा! एसीची किंमत विचारली आणि उत्तर ऐकून तिथेच खुर्चीवर बसले. तो म्हणतो, "बेन, हप्ता करी आपुं?" म्हटलं, नको बाबा, नुसती बसते थोडा वेळ.
येताना मनाशी नियम केला. बाळंतपणाचे पैसे वेगळ्या डब्यात आहेत : डिंक, खारीक, दवाखाना, बाळंतविडा. त्याला हात लावायचा नाही. जे करायचं ते घरात असेल त्यातून, आणि महिन्याच्या हिशोबात उरेल तेवढ्यातून.

गुरु. २
विहीणबाईंना इनलँड टाकलं. "आखाजीला मनीला घेऊन तुम्ही स्वतः या. खोली बघा, मग जे ठरवाल ते मान्य." अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी नाही असं आम्हा खानदेशवाल्यांत होत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्यालाही नाही म्हणाल्या तर बघू.
लिहून तर बसले. आता खोलीत दाखवायला काहीतरी हवं ना!

रवि. ५. रामनवमी.
पाळणा झाला, सुंठवडा वाटला. मग ह्यांना पत्र्यावर चढवलं, चुना मारायला. खाली आले तेव्हा भुतासारखे पांढरे. "सुट्टीच्या दिवशी रामाने मला लंकेला पाठवलं," म्हणतात. पण पत्रा खालून हात लावून बघितला, फरक आहे!
वाळ्याचं आजच सुचलं. अमळनेरला माहेरी वडिलांच्या खोलीच्या दाराला वाळ्याचा तट्ट्या असायचा. त्याच्यावर पाणी मारलं की मे महिन्यात आम्ही भावंडं पांघरूण ओढायचो. तेच इथे करायचं, मागे पंखा ठेवून. भाऊला पत्र लिहिलं, वाळा पाठव.

गुरु. ९
वाळा आला! भाऊने गाडीत ओळखीच्या माणसाबरोबर गोणीभर पाठवलाय. गोणी उघडली आणि सगळं माहेर खोलीत. नाक खुपसून बसले होते, खालच्या भानुबेन वर आल्या, "शुं सूंघो छो, गांडा थई गया?" वेडीच ठरवलं मला.

शनि. ११. हनुमान जयंती.
केलं!!
आंब्याच्या पेटीच्या पट्ट्यांची चौकट, कोंबडीजाळीच्या दोन तुकड्यांमध्ये वाळा दाबून भरला, मागे टेबलपंखा. पाणी सारखं कोण शिंपडणार? ते देवघरात सुचलं. उन्हाळा म्हणून पिंडीवर गळती टांगलीय, मडक्याच्या भोकातून दोरा, दोऱ्यावरून थेंब थेंब महादेवावर. मग वाळ्यावर तसंच का नको? तेलाच्या डब्याला खिळ्याने भोकं, प्रत्येक भोकात सुताचा दोरा. पंप नको, वीज नको.
पंखा लावला. वास, गारवा! भानुबेन पंख्यापुढे पदर पसरून बसल्या, "आ तो आबू थई गयुं, बेन!" ह्यांनी पंख्याला हात जोडले, "हर हर महादेव."
प्रसादाचा नारळ फोडला. मनीला लगेच पत्र लिहायला घेतलं, मग थांबले. एक दिवस चालू दे.

रवि. १२
पत्र नाही टाकलं ते बरं.
सकाळी गादी ओलसर. काड्यापेटी पेटेना, देवाची फुलवात तीन काड्या मोडल्यावर लागली. उपासाचे साबुदाण्याचे पापड डब्याचं झाकण सैल राहिलं म्हणून रुमालासारखे मऊ. अंग असं चिकट की बांगडी वर सरकत नाही. गारवा कुठे गेला? काल तर होता!
आणि भानुबेन खालून ओरडताहेत, "बेन, मारा घरमां चोमासुं बेठुं!" त्यांच्या छतातून पाणी. बादली घेऊन धावले. चार वेळा माफी मागितली. त्या हसत होत्या म्हणून बरं.
ह्यांनी मऊ पापड घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "हाई काय मांडी ठेयं व? पत्र्याखाली नाशिक करनार व्हती, समुद्र करी टाका." चिडल्यावर अहिराणी येत नाही ह्यांना, मजेत असले की येते. मला मात्र रडू आलं.

सोम. १३. उपास.
गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यात लख्ख उजेड पडला.
अमळनेरला साडीचं दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिलं वाळायचं. इथे परकर संध्याकाळपर्यंत दमट. म्हणजे तिकडची हवा तहानलेली; वाळ्यावरचं पाणी पिते आणि गार होते. सुरतची हवा समुद्राकडून पोटभर पिऊनच येते. तिला मी आणखी पाजत होते! ती बिचारी पिणार कुठून, तसंच गादीवर सांडून ठेवते.
खानदेशचं औषध सुरतेच्या रोग्याला दिलं मी.
म्हणजे इथे पाणी हवेला लागता कामा नये. गारवा यावा, पाणी येऊ नये. हे कसं? ते नाही कळलं. पण अर्धं कळलं याचाच इतका आनंद झाला की वरीचे तांदूळ करपले.

बुध. १५
भांडी तशीच ठेवून लिहायला बसले.
जेवताना हे वैतागलेले. रंगाच्या मशीनची कॉइल फुटली, वाफ रंगात घुसली, सगळा माल डागाळला. मी आपली वाढता वाढता, "म्हणजे एरवी वाफ रंगात जात नाही?"
"नाही गं. वाफ नळीत, रंग बाहेर. नळी तापते, नळीने रंग तापतो. एकमेकांना शिवत पण नाहीत."
माझ्या हातातली पळी तशीच. "मग नळीत वाफेऐवजी बर्फाचं पाणी सोडलं तर?"
"तर रंग गार पडेल. पण रंग गार कशाला..."
"रंग राहू द्या. हवा?"
ह्यांचा घास तोंडाशी थांबला. मग म्हणाले, "कढी घाल." आणि कढी भुरकून झाल्यावर, "नळी तांब्याची लागेल."
पहिल्यांदा "लागेल" म्हणाले!

शुक्र. १७
भंगारवाल्याकडे फ्रिजमधली तांब्याची नळी मिळाली, वेटोळं केलेली, चांगली लांब. पैसे दिले नाहीत. लग्नातला पितळी बंब दिला. गळत होताच, माळ्यावर पडून होता. पाणी तापवायचा बंब देऊन हवा गार करायची नळी आणली. रिक्षात हसू येत होतं एकटीलाच.
पण बंब गाडीवर टाकला तेव्हा एकदा हात फिरवला त्याच्यावर. मनीची पहिली आंघोळ त्यातल्याच पाण्याची.

शनि. १८
नळी सरळ करून पंख्याच्या जाळीवर चकलीसारखी गोल बसवायची. वाकवायला गेले, चेपली. दुसरीकडून वाकवली, तिथेही चेपली. चेपली की पाणी बंद. तो तुकडा कापून टाकावा लागला. नळी काही रबराची नाही, सारखी कापत बसले तर काय उरेल.
आज काही नाही. जप केला आणि पडले.

रवि. १९
करंजी! रिकामी करंजी मुडपली की बसते, सारण ठासून भरलेली बसत नाही. नळी भरून मग वाकवायची. काय भरू? रवा ओला होऊन आत फुगला तर? शेवटी रांगोळी. बारीक, कोरडी, सुटी. एका टोकाला बूच मारलं, नरसाळ्याने रांगोळी ओतत गेले, हे लाटण्याने ठोकत गेले. दुसरं बूच. मग डालड्याच्या डब्याभोवती गुंडाळली. ह्यांचे हात मशिनीचे, हळू, सारखे. एकही चेप नाही!! चकली इतकी देखणी जमली की मी म्हटलं, दिवाळीला तुम्हीच बसा सोऱ्यावर.
भानुबेनने दारातून विचारलं, "हवे शुं, नळीमां रंगोळी पूरो छो?" म्हटलं, हो. त्या कपाळावर हात मारून खाली गेल्या आणि परत आल्या त्या थर्माकोल घेऊन, त्यांच्या नव्या टीव्हीच्या खोक्यातला. "बरफ राखवा काम लागशे." देव कुठून कुठून येतो.

सोम. २०. उपास.
रांगोळी बाहेर काढणं भरण्यापेक्षा कठीण. ठोकली, फुंकली, पाणी सोडलं. दिवसभर दुधासारखं पाणी. ह्यांची या आठवड्यात रात्रपाळी, घरीच होते; चार वेळा म्हणाले, "चहा ठेव, दूध निघालं." संध्याकाळी स्वच्छ धार. मग नळी चिंचेने घासली. देवाच्या भांड्यांसारखी लख्ख झाली.

मंगळ. २१
आज.
वर फळीवर पत्र्याचा डबा, भोवती थर्माकोल आणि गोणपाट. त्यात रसवाल्याकडून आणलेला बर्फ फोडून, वर पाणी. डब्यातून रबरी नळी, मग तांब्याची चकली पंख्यापुढे, तिथून खाली बादलीत. वरून पाणी आपोआप उतरतं. बादली भरली की पुन्हा वर ओतायची. पाणी धो धो पळायला लागलं तेव्हा रबरी नळीला कपड्यांचा चिमटा लावला, झाली बारीक. जोडावर गळत होतं, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. बर्फात मीठ घालावं असं आइस्क्रीमच्या संचावरून मनात आलं होतं, पण तांबं कळकेल, म्हणून नाही. पंखा लाकडी पाटावर, वायर पाण्यापासून लांब. हे त्याबाबतीत फार कडक.
पंखा लावला. वारं गार! चिकट नाही!
आणि मग ते बघितलं. नळीला घाम आला. बाहेरून! मला वाटलं फुटली. ह्यांनी बोट फिरवलं, "फुटली नाही. हे हवेतलं पाणी आहे." थेंब जमून टपटप खाली. सुरतच्या हवेने पोटातलं पाणी ओकून दिलं! मी पाजत होते, ही नळी काढून घेतेय. खाली वाटी लावली. वाटी भरायला लागली.
खात्री करायला पापड. एक भाजून पंख्यापुढे ठेवला, एक स्वयंपाकघरात. माळ जपून झाल्यावर मोडले. स्वयंपाकघरातला वाकला. पंख्यापुढचा कट्कन तुटला.
इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. तुटलेला पापड देवापुढे ठेवला, नैवेद्य म्हणून. देव हसला असेल.

बुध. २२
वाटीतलं पाणी कुठे टाकू? टाकवेना. देवघरात पिंडीवरच्या गळतीत ओतलं.
खर्च : बर्फ, रबरी नळी, चिमटा. बाकी सगळं घरचं, नाहीतर भानुबेनचं. बाळंतपणाच्या डब्याला हात लावला नाही. लिहून ठेवते, मला बरं वाटतं म्हणून.

शुक्र. २४
खोट एकच. खोली गार होत नाही. पंख्यासमोर बसलं की स्वर्ग, दोन हात सरकलं की पत्रा आहेच. दिवसभर डोकं खाजवलं. मग म्हटलं, खोली कशाला गार करायची? बाळ-बाळंतीण खाटेवर असणार. खाट गार करू!
ह्यांनी मिलमधून कापडाचे नापास तुकडे आणले, फुलाफुलांचे. शिवणयंत्रावर जोडले. मच्छरदाणीच्या दांड्यांवर चारी बाजूंनी सोडले, एका बाजूला यंत्राचं तोंड. आत शिरले. अगदी नाशिक! बाहेर आले, सुरत. पुन्हा आत, नाशिक. किती वेळा आत-बाहेर केलं कोण जाणे. हे दारात उभे राहून बघत होते, "तिकीट लागतं का आत जायला?"

रवि. २६
भानुबेनकडे फोन. मनी! "आई, मंगळवारी येतोय. सासूबाई पण. आई, ऐक ना, त्यांनी परतीची दोन तिकिटं काढलीत. गुरुवारची."
दोन. म्हणजे बघण्याआधीच ठरलंय?
जाऊ दे. दोन तिकिटांतलं एक फाडता येतं.

मंगळ. २८
आल्या. मनीचा चेहरा भरलाय, चाल जड झालीय. दारातूनच, "आई, हे काय तंबू ठोकलायस?" आत गेली आणि आतून नुसता आवाज, "आई!... अगं आई!" मग कितीतरी वेळ बाहेरच येईना. आतून ओरडून बापाला (तीन दिवस रजा टाकलीय ह्यांनी) म्हणते, "बाबा, मला जेवण इथेच द्या."
विहीणबाई कडेच्या खुर्चीवर, पदराने वारा घेत. "नाशिकला रात्री गोधडी लागते हो." मी म्हटलं, हो ना. "आणि बर्फ संपला तर?" आणीन. "वीज गेली तर?" हातपंखा आहे, आणि मी आहे. त्यांनी वाकून नळी बघितली, वाटी बघितली. 

बुध. २९. आखाजी.
घागर भरली, पितरांचं पान वाढलं. पुरणपोळी, आमरस. मनीला गच्चीच्या दाराला साडीचा झोका बांधून दिला, नुसतं बसायला. हलू दिलं नाही. गाणी मी म्हटली. भानुबेनला एक शब्द कळत नव्हता, टाळ्या मात्र जोरात.
दुपारी वीज गेली! नेमकी आजच. पंखा थांबला.  कापड वर करून मी आणि हे, दोन बाजूंनी हातपंखे घेऊन बसलो, मध्ये थंड नळी. मनी झोपलेली. विहीणबाई बघत होत्या. थोड्या वेळाने उठल्या, ह्यांच्या हातातला पंखा घेतला, "तुम्ही जरा टेका, भाऊ." आणि बसल्या माझ्यासमोर.
दोघी वारा घालत होतो. मनी मधे. मग हळूच, मनीला ऐकू जाणार नाही असं :
"माझी पहिली मुलगी जेठात झाली. मालेगावला. पत्र्याखालीच होतो आम्ही." हात चालूच. "अंगावर नुसतं पुरळ. दूध पिईना. सातव्या दिवशी..."
 मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. इतके दिवस मी ह्या बाईशी मनातल्या मनात भांडत होते.
वीज आली तेव्हा दोघींनी एकदमच हुश्श केलं.

गुरु. ३०
सकाळी बघते तर विहीणबाई मोरीत. वाटी घासताहेत. नळीखालची. म्हणाल्या, "हे पाणी पिंडीवर घालता ना तुम्ही? मनीने सांगितलं. मग वाटी स्वच्छ नको?"
पण बॅग भरलेली. दोघींची. खाटेखाली. दोन्ही तिकिटं त्यांच्या पर्समध्ये. मनी मला खुणेने विचारते, काय? मी खुणेने, माहीत नाही.
जेवताना म्हणाल्या, "पाळणा कुठे लावणार होतात?" दाखवलं. "तिथे नको, बाळावर थेट वारं येईल. त्या कोपऱ्यात." मग लगेच, "म्हणजे, लावायचा झालाच तर." ह्यांनी पानातून डोकं वर केलं नाही, पण मिशीत हसले ते मी बघितलं.
मग म्हणाल्या, "मी जरा पडते. तीनला उठवा मला, नाशिकची एस.टी. चारची आहे." आणि आपणहून आत शिरल्या, मनीशेजारी.
आता तीन वाजून गेलेत. कापड बाजूला सारून बघितलं. दोघी गाढ. विहीणबाईंचं कपाळ कोरडं, एक हात मनीच्या पोटावर. टेबलपंखा गुरगुरतोय, तेवढाच आवाज. आणि वाटीत टप... टप.
उठवायला हवं. नाही उठवलं तर म्हणतील, मुद्दाम केलं. उठवलं तर...
बर्फ संपत आलाय. आधी तेवढा आणून टाकते, उठवायचं मग बघू.